पाहुण्याची बॅग

खारूताई हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. कॉलेजच्या कंप्युटर क्लबात ती पहिल्यांदा आली तेव्हा बाकीची पोरं जुने मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड असं काय काय उचलून आणत होती, आणि ही आली ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नुसते स्क्रू घेऊन. पुसून, मापामापाने वेगळे केलेले. "माझा खारीचा वाटा," असं म्हणून तिने डबा टेबलावर ठेवला. सगळे खो खो हसले. पण आठवडा उलटायच्या आत एकेकाला तिच्यापुढे हात पसरावा लागला, कारण स्क्रूवाचून कॅबिनेट उभं राहत नाही. तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत ती क्लबची सेक्रेटरी झाली होती आणि क्लबच्या खोलीची किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीला लटकत होती.

खोली म्हणजे ग्रंथालयाच्या मागच्या बाजूचं जिन्याखालचं भुयारच. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकायचे. एकच खिडकी, ती सायकल स्टँडकडे उघडणारी. एकच पंखा, तो फिरण्यापेक्षा कुरकुरायचा जास्त. तिथे भिंतीला लोखंडी मांडणी ठोकून क्लबाने वर्षभर खपून एक क्लस्टर उभा केला होता.

क्लस्टर म्हणजे काय, हे खारूताईने आईला सांगितलं होतं तसंच सांगायचं तर असं: एकट्या मशीनला झेपणार नाही असं काम घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, ते बऱ्याच मशीनांना वाटून द्यायचे आणि सगळ्यांनी केलेलं परत गोळा करायचं. काम वाटणाऱ्या मशीनला पोरं मुकादम म्हणत, बाकीच्यांना गडी. मुकादम त्यातल्या त्यात धडधाकट होता. गडी मात्र एकापेक्षा एक नग. कुणाला झाकण नाही, कुणाचा पंखा सुतळीने बांधलेला, एकाला चालू करायचं तर बाजूने चापट मारावी लागे. कुठल्याशा बँकेने टाकून दिलेले, शाळेच्या अडगळीतून आणलेले, एक तर चक्क भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतलेला. पण सगळे मिळून कामाला लागले की खोलीभर जी एकसुरी घरघर उठे, ती ऐकून खारूताईला भरून यायचं.

काम होतं पक्षीवाल्या मॅडमचं. मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या. गावाबाहेरच्या तळ्यावर त्यांनी झाडांना छोटे रेकॉर्डर बांधून ठेवले होते आणि वर्षभराचा किलबिलाट गोळा केला होता. तो सगळा माणसाने कानाने ऐकायचा तर जन्म पुरला नसता. कुठला पक्षी कधी बोलला हे क्लस्टरने निवडून द्यायचं ठरलं होतं. "मुलांनो, माझा अहवाल तुमच्या भंगारावर अवलंबून आहे हं," असं मॅडम हसत म्हणायच्या, पण त्यात काळजीही असायची.

आणि क्लब मुळात काढला होता तो खारूताईच्या दादाने. सख्ख्या भावाने. तो याच कॉलेजात शिकला, पहिली मशीनं त्याने खांद्यावरून वाहून आणली, शिकून बाहेर पडला आणि एका मोठ्या ऑफिसात कंप्युटर सांभाळायच्या नोकरीला लागला. तरी अधूनमधून यायचा, अडलेलं काम हातासरशी करून द्यायचा. खारूताई त्याला दादा म्हणायची म्हणून सगळा क्लबच दादा म्हणायचा. क्लबचं काम बघणारे सरसुद्धा.

बिनसायला सुरुवात झाली ती एका दुपारी. दोन गडी काम करता करता धापा टाकायला लागले. मोठी फाईल आली की अडकून बसायचे. खारूताईने एकाची कूस उघडली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आत रॅमची पट्टी होती, पण ती त्यांची नव्हती. रॅम म्हणजे मशीनची चालू कामापुरती आठवण. जेवढी मोठी पट्टी तेवढं एका वेळी जास्त लक्षात राहणार. या गड्याला त्यांनी चांगली दांडगी पट्टी बसवली होती. तिच्या जागी कुणीतरी जुनीपुराणी, किरकोळ पट्टी खोचून ठेवली होती. दुसऱ्या गड्यातही तेच.

"आपणच कधीतरी बदलली असेल," मिठू म्हणाली. मिठू ही तिची मैत्रीण, तोंडाला खळ नसलेली, पण प्रोग्रॅम लिहायला बसली की गप्प.

"आपण बदलली असती तर मला कळलं नसतं?"

"मग काय पट्टीला पाय फुटले?"

"पाय नाही फुटले. हात लागलेत कुणाचे तरी."

खोलीत त्या वेळी पाच-सहा जण होते. खारूताईने सगळ्यांकडे पाहिलं, आणि तिची नजर जाऊन थांबली ती कोपऱ्यात केबलला पिना मारत बसलेल्या पाहुण्यावर.

पाहुणा दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेला, तोही वर्षाच्या मध्येच. त्यामुळे पहिल्याच दिवशी मिठूने "अरे, पाहुण्यांना पाणी विचारा कुणीतरी" म्हटलं आणि तेव्हापासून तो पाहुणाच झाला. उंच, हाडकुळा, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. कामाला वाघ. मुकादम आणि गडी यांच्यामधलं सगळं जाळं त्यानेच विणलं होतं. पण माणूस कळायचा नाही. सकाळी खोली उघडायला जावं तर हा दाराशी उभा, संध्याकाळी कुलूप लावताना सगळ्यात शेवटी निघणार. घर कुठे, घरात कोण, विचारलं तर "आहे इथेच" यापुढे गाडी जात नसे. आणि त्याची ती बॅग. प्रवासाला निघाल्यासारखी भलीमोठी, काळी, चेनला छोटं कुलूप लावलेली. वर्गात, खोलीत, पाणी प्यायला गेला तरी खांद्यावर.

एवढे दिवस ती बॅग कुणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. त्या दुपारपासून खारूताईला ती बॅगच दिसायला लागली.

संध्याकाळी दादा ऑफिसातून आला, बूट काढले, हातपाय धुतले. खारूताईने त्याला गच्चीवर गाठलं आणि सगळं सांगितलं. दादा कठड्याला टेकून ऐकत होता.

"सरांना सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही अजून. आधी खात्री करते."

"बरं केलंस. उगाच बोभाटा नको." मग जरा थांबून म्हणाला, "नवीन कोण आलंय तुमच्यात?"

"पाहुणा."

"हं. जुनी पोरं असं करणार नाहीत, खारू. घरच्यासारखी आहेत ती. नव्या माणसावर जरा नजर ठेव. एवढी मोठी बॅग घेऊन हिंडतो म्हणतेस, तर त्यात काय असतं?"

"कुलूप असतं तिला."

"कॉलेजात बॅगेला कुलूप कोण लावतं?" दादा म्हणाला आणि खाली जायला वळला. जाता जाता त्याने सल्ला दिला, "काही सापळा-बिपळा लावणार असशील तर कुणाला सांगू नकोस. ज्याला त्याला सांगितलेला सापळा म्हणजे नुसती जाळी, अडकत कुणीच नाही त्यात."

खारूताईने तो सल्ला तंतोतंत पाळला. रविवारी एकटीच खोलीवर गेली, प्रत्येक गडी उघडला आणि प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला नेलपॉलिशचा जांभळा ठिपका दिला, टाचणीच्या डोक्याएवढा. मिठूला सांगितलं नाही, सरांना नाही, दादालाही नाही. चोराने पट्टी बदलली तर नवीला ठिपका नसणार, आणि चोरलेली कुठे सापडली तर ती ठिपक्यावरून ओळखता येणार.

ते दिवस तिला फार वाईट गेले. संशयाची गंमत अशी की एकदा मनात शिरला की त्याला सगळीकडे खायला मिळतं. पाहुणा लवकर आला तर, एवढ्या लवकर कशाला? उशिरा आला तर, कुठे गेला होता? खिशात हात घातला तर खिशात काय, हसला तर हसला का. एकदा तो खिडकीशी उभा राहून फोनवर हळू आवाजात म्हणाला, "नाही, आज नाही आणता येणार, उद्या बघतो." खारूताईने केबलच्या भेंडोळ्यात डोकं खुपसून ते ऐकलं. काय आणायचं होतं? कुणाला?

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा गडी उघडले. खिडकीलगतच्या गड्यात बिनठिपक्याची किरकोळ पट्टी होती.

त्या क्षणी तिने थांबायला हवं होतं, विचार करायला हवा होता. पण डोक्यात राख घातलेल्या माणसाला कुठला विचार! पाहुणा नेमका तेव्हाच आत आला, बॅग पायाशी ठेवून खुर्चीवर बसला. खोलीत मिठू होती, आणखी तिघे-चौघे होते.

"तुझी बॅग जरा उघडतोस?" खारूताई म्हणाली.

"का?"

"अशीच."

"अशीच कुणी कुणाची बॅग उघडत नाही."

"क्लबातून रॅम जातेय. आपण सगळ्यांच्याच बॅगा बघू या."

"मग तुझ्यापासून सुरू कर," पाहुणा शांतपणे म्हणाला.

खारूताईने आपली पर्स टेबलावर उलटी केली. कंगवा, पेन, रुमाल, फोन. "झालं? आता तू."

 खिशातून किल्ली काढून पाहुण्याने कुलूप उघडलं, आणि उलटी न करता एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडायला लागला. दोन शर्ट. घडी केलेली चादर. साबणाची डबी. दाढीचं सामान. रबरी चपलांचा जोड, कागदात गुंडाळलेला. अंग पुसायचा पंचा, अजून ओलसर. आतले कपडे मात्र त्याने बाहेर काढले नाहीत, नुसती बॅग वाकडी करून तिला दाखवली. मिठूने मान खाली घातली.

"मावशीकडे राहतो," पाहुणा म्हणाला. "तिची दोन पोरं, सासू, आणि मी. माझं सामान ठेवायला तिथे जागा नाही. ठेवलं तर पोरं विसकटतात, मग त्यांना मार बसतो आणि वाईट मी होतो. म्हणून बरोबर घेऊन हिंडतो. अजून काही बघायचंय?"

माफी मागायची वेळ तीच होती. खारूताईने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते भलतंच. "बॅगेत आज नाही, याचा अर्थ..."

"बोल ना. पुरं कर."

 पाहुण्याने सगळं पुन्हा आत भरलं. चादरीची घडी विस्कटली होती, ती टेबलावर पसरून नीट घातली. मग बॅग खांद्याला लावून तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

क्लबात दोन तट पडले. कुणी म्हणे, बरं झालं, गेला म्हणजे तोच होता. कुणी म्हणे, असं बोलल्यावर आपणही गेलो असतो. सर क्लबचे प्रमुख होते खरे, पण पाट्या टाकणारे. "आपापसात मिटवा," म्हणून त्यांनी हात झटकले. पक्षीवाल्या मॅडम येऊन गेल्या. जाळ्यात कुठेतरी बिघाड होऊन चार गडी मुकादमाला दिसेनासे झाले होते, आणि ते दुरुस्त करणारा हात तर आता नव्हता.  मॅडमनी नुसतं घड्याळाकडे बघितल्यासारखं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

आणि मग आणखी दोन पट्ट्या गेल्या.

खारूताई रिकाम्या जागेकडे बघतच राहिली. या खेपेला चोराने बदली पट्टीसुद्धा ठेवली नव्हती. पाहुणा कॉलेजात फिरकला नव्हता. म्हणजे पाहुणा नव्हे. इतके दिवस ती साप म्हणून भुई धोपटत होती. मग कोण? मिठू? ती परवा एकटीच होती इथे. तो पलीकडचा, सारखी नवी मशीनं बघत असतो तो? की सर? कुलूप तर शाबूत होतं. किल्ली तिच्याकडे, दुसरी सरांच्या कपाटात. मिठू आत आली, म्हणाली, "अगं, अशी काय बघतेस माझ्याकडे?" आणि खारूताईला स्वतःचीच भीती वाटली.

दादाशी बोलल्याशिवाय तिला चैन पडेना. संध्याकाळची वाट न बघता ती सरळ त्याच्या ऑफिसात गेली. पूर्वी एकदा आली होती, त्यामुळे रस्ता माहीत होता. काचेचं दार, आत गुळगुळीत फरशी, टेबलामागे फोन घेणाऱ्या बाई. खारूताईने दादाचं नाव सांगितलं.

बाईंनी चष्मा वर केला. "ते? ते तर कधीच गेले."

"बाहेर गेलेत?"

"नाही हो, सोडून. त्यांचा अख्खा विभागच बंद केला ना. थंडी सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तुम्ही कोण त्यांच्या?"

"ओळखीची," खारूताई म्हणाली.  ती तिथल्याच सोफ्यावर टेकली आणि तिने दादाला फोन लावला.

"बोल खारू, लवकर बोल," दादाचा आवाज आला. "ऑफिसात आहे, मीटिंग चाललीये."

समोर काचेपलीकडे रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. "काही नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी बोलू."

बाईंना तिची दया आली असावी. "त्यांच्याकडे काही काम होतं का? मागच्या गल्लीत टायरवाल्याच्या बाजूला शटर आहे बघा, तिथे बसतात ते. मशीनं बनवून देतात. आमच्या साहेबांच्या मुलालाही दिलंय एक. छान चालतंय."

शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेल्यावर आधी तिला टायरच्या रबराचा वास आला, मग दादा दिसला. जमिनीवर मांडी घालून बसलेला, शर्टच्या बाह्या दुमडलेल्या, समोर कोरीकरकरीत कॅबिनेटं ओळीने. एकाची बाजू उघडी होती. तिला बघून तो उठला नाही. खारूताई त्या उघड्या कॅबिनेटपाशी गुडघे टेकून बसली आणि तिने आतली पट्टी काढली. मागच्या टोकाला जांभळा ठिपका होता.

"काय आहे ते?" दादाने विचारलं.

"सापळा. तूच म्हणालास, कुणाला सांगू नकोस."

शेजारी टायरवाल्याचा हवा भरायचा पंप सुरू झाला. 

"परत आणून लावणार होतो," दादा म्हणाला. "एका क्लासवाल्याला सगळी मशीनं एकदम द्यायची आहेत. ती गेली की नवीन पट्ट्या घेऊन जशाच्या तशा बसवणार होतो. आणि चोरी कसली त्यात? क्लब कुणी उभा केला? तुझ्या मुकादमाचा सांगाडा कुणी आणला पाठीवर?"

"आत कसा गेलास?"

"माझी जुनी किल्ली आहे. तुमची लेक्चरं चालू असताना जायचो. शिपाई तर उलट चहा विचारतो मला."

"आणि पाहुणा?"

दादा कॅबिनेटमधला एक स्क्रू उगाचच सैल करून परत आवळायला लागला.

"तू मला त्याच्या अंगावर घातलंस, दादा."

"मी नजर ठेव म्हटलं. बॅग उघड असं नव्हतं म्हटलं."

"दादा!"

तेव्हा त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घरातून निघायचं," तो म्हणाला, "बाबा दारापर्यंत येणार, आई विचारणार आज उशीर होणार का, आणि बाहेर पडल्यावर जायचं कुठे हेच माहीत नसायचं. पहिले पंधरा दिवस तर नुसता बागेत बसत होतो. तुला काय कळणार ते."

 खारूताईला त्याची कीवही येत होती आणि त्याच्या तोंडावर ती पट्टी फेकून मारावीशीही वाटत होती. "घरी तू सांग," ती म्हणाली. "क्लबात मी सांगते."

"क्लबात नको ना सांगू." दादाचा आवाज एकदम लहान झाला. "घरी सांगतो, आजच सांगतो. पण तिथे नको. तिथे तरी अजून सगळे दादा म्हणतात मला."

 पट्टी मुठीत घेऊन ती शटरखालून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तिने आधी सरांना गाठलं. सरांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वस्तू परत येतील ना? मग झालं तर. तुझा भाऊ, आपलाच माजी विद्यार्थी. कशाला चव्हाट्यावर आणायचं?"

"पण सर, पाहुण्याचं काय?"

"त्याच्यावर कुठे आपण काही कारवाई केली?"

खारूताई तिथून उठली आणि खोलीत जाऊन सगळ्यांसमोर जे होतं ते सांगून टाकलं.  काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं कुणीतरी मागे पुटपुटलं, तेही तिने ऐकून घेतलं. मिठूने तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण लगेच काढून घेतला.

पाहुण्याच्या मावशीचा पत्ता कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कने दिला. चार मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही. दार मावशीनेच उघडलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळाला आठ्या.

"मी कॉलेजातून आलेय," खारूताई म्हणाली. "काकू, तो आहे का घरी?"

"आता काय शोधायला आलात?" मावशी दारातून हललीच नाही. "खालच्या मजल्यावरची मुलगी तुमच्याच कॉलेजात आहे. सगळं कळलंय आम्हाला. सामान चोरल्याचं, बॅग तपासल्याचं. बहिणीचा मुलगा म्हणून ठेवून घेतला हो मी. आता सासूबाई रोज ऐकवतात. घरात असला की कपाटांना कुलपं लावून बसायची पाळी आलीये."

आत, मावशीच्या मागे, पाहुणा भिंतीशी उभा होता. बॅग खांद्यावरच. सासूबाई पलंगावर बसून कान देऊन ऐकत होत्या. दोन पोरं दाराआडून बघत होती. खारूताईच्या लक्षात आलं की पाहुण्याला एकट्याला बाहेर बोलावून सॉरी म्हणणं सोपं आहे, आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही.

"काकू," ती म्हणाली, आणि पलंगापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "त्याने काहीही चोरलेलं नाही. चोरी माझ्या भावाने केली. सख्ख्या भावाने. तो माझ्या घरात राहतो आणि मला कळलं नाही. याच्यावर आळ घेतला तो मी. चूक माझी आहे."

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. कुणी परक्या दारात उभं राहून स्वतःच्या भावाला चोर म्हणतं, हे तिच्या पचनी पडेना. "तुम्ही खरं सांगताय कशावरून?" अखेर ती म्हणाली. "त्यानेच पाठवलं नसेल कशावरून?"

 संशय कसा चालतो हे खारूताईला आता चांगलं ठाऊक झालं होतं. सासूबाई मात्र पलंगावरून म्हणाल्या, "अगं, भावावर खोटा आळ घेणारी बहीण पाहिलीस कधी? आत तरी घे तिला."

ती आत गेली नाही. पाहुणाच चपला घालून तिच्याबरोबर जिन्यापर्यंत आला.

"मी चुकले," ती म्हणाली.

"ऐकलं ते. सगळ्या इमारतीने ऐकलं."

"परत येशील?"

"माहीत नाही." तो कठड्याला धरून उभा राहिला. "फोनवर मी काय बोलायचो ते तू कान देऊन ऐकायचीस. मला दिसायचं. मावशीला औषधाची बाटली आणून द्यायची होती, ते बोलत होतो."

खारूताईला जिना कधी संपला ते कळलं नाही.

दादाने घरी सांगितलं. आई रडली, बाबा बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाहीत; मग एके दिवशी स्वतःच त्या शटरपाशी जाऊन स्टुलावर बसून आले. पट्ट्या दादाने परत केल्या, त्या शिपायाच्या हाती पाठवून. क्लबात तो पुन्हा आला नाही. खारूताई आणि तो एका ताटलीतली बिस्किटं खातात, पण त्यांच्यातलं बोलणं अजून मोजूनमापून चालतं.

पाहुणा आला तो आठवडाभराने, पक्षीवाल्या मॅडमच्या मागोमाग. मॅडमच त्याला जाऊन भेटल्या होत्या. "रागावलोय मी अजून," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "पण मॅडमचं काम अडलंय." मग टेबलाखाली शिरून त्याने निम्मी केबल उपटून काढली आणि नव्याने ओढायला घेतली. त्याचं सामान ठेवायला मिठूने मांडणीचा खालचा कप्पा रिकामा करून दिला. त्याने तिथे काही ठेवलं नाही. मावशीकडची कपाटं, तो एकदा सहज बोलून गेला, अजून बंदच असतात. सवय लागली की सुटत नाही लोकांची.

सेक्रेटरीपद खारूताईने सोडलं. किल्ली मिठूकडे गेली. कुणी तिला टाकून बोलत नव्हतं, कामातही घेत होते. पण एके दुपारी ती विसरलेलं पेन न्यायला परत आली, तर मिठू एकेका गड्याची कूस उघडून आत डोकावत होती. दोघींची नजरानजर झाली. मिठूचा चेहरा पडला.

"मी आपलं... तू गेल्यावर म्हटलं एकदा बघून घ्यावं," मिठू अडखळली. "तसं काही नाही गं."

खारूताईला राग यायला हवा होता, तो आला नाही. चोराची बहीण. मिठूच्या जागी ती असती तर तिनेही बघितलंच असतं.

"बंद कर ते," मुकादमासमोर बसलेला पाहुणा मान न वळवता म्हणाला. "काम चालू असताना मशीन उघडायचं नसतं."

मिठूने घाईघाईने झाकण लावलं. खारूताई पेन घेऊन जायला निघाली, तेव्हा त्याने शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली. ये, बैस, असं काही म्हणाला नाही. ती बसली. पडद्यावर तळ्यावरच्या पहाटेचं रेकॉर्डिंग चाललं होतं. मुकादम गड्यांना तुकडे वाटत होता, गडी एकेक करून उत्तरं परत करत होते. बराच वेळ नुसती कुत्री भुंकत होती.

"हे कुत्रं आहे," पाहुणा म्हणाला. "पण मुकादम त्याला बगळा समजतोय. सारखा. कसं शिकवायचं त्याला?"

खारूताईने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज थोडा मोठा केला.